नेपल्सच्या बंदरात एक दिवस: पायी फिरणाऱ्यांचे प्रश्न

भूमध्य समुद्रातील क्रूझच्या वाटेवर असलेल्या बंदरांपैकी ज्याच्याविषयी वाचक सर्वाधिक विचारतात, ते बंदर म्हणजे दक्षिण इटलीतील नेपल्स. जहाज सकाळी धक्क्याला लागते, संध्याकाळी सुटते आणि मधल्या आठ-नऊ तासांचे काय करावे, हा प्रश्न प्रवाशापुढे असतो. बहुतेक पत्रांत दोन भावना एकत्र असतात: अडीच हजार वर्षांचे शहर स्वतःच्या पायांनी पाहण्याची ओढ आणि त्या शहराच्या दुर्लौकिकाची धास्ती. दोन्ही रास्त आहेत आणि दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो. निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न: आमचे जहाज नेपल्सला सकाळी आठ वाजता लागते आणि संध्याकाळी सहाला सुटते. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले जवळचे प्राचीन शहर पॉम्पेई आम्ही पूर्वी पाहिले आहे, म्हणून या वेळी जहाजाची सहल न घेता मी आणि माझी पत्नी जुने शहर पायी पाहू इच्छितो. दोघांचीही वये साठीच्या आसपास आहेत. कोणत्या क्रमाने फिरावे, म्हणजे धावपळ होणार नाही आणि परतायला उशीरही होणार नाही?

उत्तर: आपला विचार उत्तम आहे आणि नेपल्स त्यासाठी सोयीचे आहे, कारण येथे जहाज शहराच्या अगदी उंबरठ्यावर लागते. प्रवासी जहाजांचे टर्मिनल, म्हणजे १९३६ साली उभारलेली स्ताझिओने मारित्तिमा ही इमारत, पियाझ्झा मुनिचिपिओ या चौकाच्या समोरच आहे. तेथून शहरात शिरण्यासाठी बस किंवा टॅक्सी लागत नाही. धक्क्यावर उतरताच टॅक्सीवाले आणि सहलींचे दलाल गाठतील, त्यांना शांतपणे नकार द्यावा आणि पुढे चालू लागावे.

क्रमाविषयी आमचा आग्रह एकच आहे: सर्वांत लांबचे ठिकाण सकाळी आधी गाठावे आणि मग दिवसभर जहाजाच्या दिशेने चालत यावे. बहुतेक लोक नेमके उलटे करतात. धक्क्यासमोरचा किल्ला पाहतात, मग पुढचे, मग त्याच्या पुढचे असे करत उन्हे चढेपर्यंत लांब जातात, आणि पाय थकलेले असताना, वेळ संपत आलेली असताना अनोळखी गल्ल्यांतून परतीची वाट शोधू लागतात. चुका होतात त्या याच वेळी. घाईत रस्ता ओलांडला जातो, हातातल्या नकाशाकडे पाहताना पिशवीकडे दुर्लक्ष होते, जवळच्या वाटेच्या आशेने निर्जन बोळात शिरले जाते. उलट प्रत्येक टप्प्यानंतर जहाज जवळच येत असेल, तर कुठेही दहा मिनिटे अधिक रेंगाळायची मोकळीक राहते, आणि वेळ कमी पडलाच तर शेवटची एक-दोन ठिकाणे सोडून सरळ धक्का गाठता येतो.

आपल्यासाठी ते लांबचे ठिकाण म्हणजे दुओमो, नेपल्सचे मुख्य कॅथेड्रल. मुनिचिपिओ स्थानकावरून मेट्रोच्या पहिल्या मार्गावर गारिबाल्दीच्या दिशेने दुसरे स्थानक दुओमो हेच आहे. तिकीट स्थानकावरील यंत्रातून किंवा तंबाखू व वर्तमानपत्रे विकणाऱ्या दुकानातून घेता येते. मेट्रोतून वर आल्यावर व्हिया दुओमो या सरळ रस्त्याने दहा-बारा मिनिटांची सौम्य चढण आहे. दिवसातली चढण जवळजवळ एवढीच, आणि ती पाय ताजे असताना होऊन जाते. कॅथेड्रलचे बांधकाम तेराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. आत संत जेन्नारो या नगररक्षक संताचे वैभवशाली प्रार्थनागृह आहे आणि त्याहून कितीतरी जुने, चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराचे बाप्तिस्मागृहही आहे. दरवर्षी १९ सप्टेंबरला या संताच्या उत्सवासाठी येथे फार मोठी गर्दी लोटते. आपले जहाज त्या दिवशी लागत असेल, तर दुओमो वगळून पुढच्या ठिकाणापासून सुरुवात करणे बरे.

तेथून पश्चिमेकडे वळले की ग्रीकांनी आखलेले शहर सुरू होते. तीन लांब समांतर रस्ते आणि त्यांना काटकोनात छेदणारे अरुंद बोळ, ही आखणी आजही जशीच्या तशी वापरात आहे, आणि १९९५ साली युनेस्कोने या जुन्या शहराचा जागतिक वारशात समावेश केला तेव्हा ही अखंडता हे एक महत्त्वाचे कारण होते. पायी फिरणाऱ्याला या आखणीचा मोठा व्यावहारिक फायदा आहे. सरळ रेषांच्या शहरात हरवणे अवघड असते. दिशा चुकल्यासारखी वाटली, तर उताराकडे तोंड करून चालू लागावे, म्हणजे समुद्राची बाजू सापडते.

या भागातील सान लोरेन्झो मॅजिओरे हे चर्च अवश्य पाहावे. त्याच्या खाली उतरले की रोमन काळातील बाजारपेठेची गल्ली, दुकानांच्या कमानी आणि दगडी कट्टे समोर येतात. वरच्या रस्त्यावर आज जी देवघेव चालते, तीच खालच्या पातळीवर दोन हजार वर्षांपूर्वी चालत होती, हे डोळ्यांनी पाहण्याची संधी फार थोड्या शहरांत मिळते. शेजारीच सान ग्रेगोरिओ आर्मेनो ही ख्रिस्तजन्माचे देखावे घडवणाऱ्या कारागिरांची गल्ली आहे. ती अरुंद आहे आणि साडेदहानंतर तुडुंब भरते, म्हणून आधीच उरकावी.

पुढचा थांबा सानसेव्हेरो प्रार्थनागृह. ज्युसेप्पे सानमार्तिनो या शिल्पकाराने १७५३ साली घडवलेला, झिरझिरीत वस्त्राखाली निजलेला ख्रिस्त येथे आहे. देह आणि वरचे वस्त्र एकाच संगमरवरी शिळेतून कोरलेले आहे, आणि समोर उभे राहूनही त्यावर विश्वास बसत नाही. जागा लहान असल्याने तिकीट आधीच संकेतस्थळावरून ठराविक वेळेसाठी घ्यावे लागते, मंगळवारी ते बंद असते आणि आत छायाचित्रे काढू देत नाहीत. आपल्या दिवसातील वेळेचे बंधन असलेले हे एकच ठिकाण ठेवावे. दोन ठिकाणच्या ठरलेल्या वेळा सांभाळू लागलात, तर शहर बाजूला राहील आणि घड्याळच पाहत बसावे लागेल.

जवळच एका छोट्या चौकात नाईल नदीच्या देवतेची रोमनकालीन मूर्ती आडवी पहुडलेली आहे. इजिप्तच्या अलेक्झांड्रियाहून आलेले व्यापारी या वस्तीत राहत असत, त्यांची ती खूण. बंदराच्या शहरात परदेशी माणूस दोन हजार वर्षांपासून येत आला आहे, ही गोष्ट कुठल्याही संग्रहालयापेक्षा हा चौक अधिक सहज सांगतो.

त्यानंतर सांता किआरा आणि जेझू न्वोव्हो ही समोरासमोरची दोन चर्च. सांता किआराच्या मागील अंगणातील रंगीत चकाकीच्या फरश्यांनी मढवलेले अठराव्या शतकातील खांब आणि बाके पाहताना बसायलाही सावली मिळते. एव्हाना दुपार होत आलेली असेल, त्यामुळे विसाव्यासाठी ही जागा योग्य. हे चर्च ४ ऑगस्ट १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले आणि नंतर पुन्हा उभारले गेले. मोठ्या बंदरामुळे दुसऱ्या महायुद्धात नेपल्सवर वारंवार हल्ले झाले. समोरच्या जेझू न्वोव्होमध्ये छतातून आत पडूनही न फुटलेल्या बॉम्बचे कवच जपून ठेवले आहे, तेही पाहावे.

येथून व्हिया तोलेदो गाठावा. स्पॅनिश राजप्रतिनिधी पेद्रो दे तोलेदो याने १५३६ साली आखलेला हा हमरस्ता सौम्य उताराने समुद्राकडे जातो. त्याच्या शेवटी काचेच्या घुमटाचे गॅलेरिया उंबेर्तो, १७३७ साली सुरू झालेले सान कार्लो हे नाट्यगृह, राजवाडा आणि पियाझ्झा देल प्लेबिशितो हा विस्तीर्ण चौक, असे सारे हाकेच्या अंतरावर आहे. आणि मग शेवटी, जहाज समोर दिसत असताना, कास्तेल न्वोव्हो हा पाच बुरुजांचा किल्ला. आत ठेवलेल्या त्याच्या जुन्या कांस्य दारात एक तोफगोळा रुतलेला आहे. किल्ल्याजवळच्या पियाझ्झा मुनिचिपिओ चौकाखाली मेट्रोसाठी खोदकाम सुरू असताना प्राचीन बंदर आणि रोमन काळातील जहाजांचे अवशेष सापडले. आपले जहाज ज्या किनाऱ्याला लागले आहे, तेथेच ती गलबतेही लागत होती.

एकूण चालणे पाच किलोमीटरच्या आसपास होईल. चार वाजता, कोणत्याही परिस्थितीत साडेचारला, धक्क्याजवळ यावे. सुटण्याची वेळ सहा असली तरी प्रवाशांनी परतण्याची अंतिम वेळ बहुधा अर्धा तास ते एक तास आधीची असते. ती जहाजातून उतरतानाच्या फलकावर लिहिलेली असते, तिचा फोटो काढून ठेवावा. जहाजावरचे घड्याळ आणि किनाऱ्यावरचे घड्याळ एकच वेळ दाखवत आहे ना, याचीही उतरतानाच खात्री करून घ्यावी.

प्रश्न: नेपल्समध्ये चोऱ्या फार होतात असे सर्वांकडून ऐकते. पती म्हणतात, जहाजावरच थांबू. खरोखर इतका धोका आहे का, आणि काळजी घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे?

उत्तर: जहाजावर थांबू नये. नेपल्सचा दुर्लौकिक जुना आहे, परंतु दिवसा गजबजलेल्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या प्रवाशाच्या वाट्याला आलाच, तर बहुधा पाकीटमारीचा प्रसंग येतो, आणि त्यापासून बचाव करणे आपल्या हाती असते. संघटित गुन्हेगारीच्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्यांचा जुन्या शहरात चर्च पाहणाऱ्या माणसाशी क्वचितच संबंध येतो.

पाकीटमाराला गर्दी आणि आपले हरवलेले लक्ष, अशा दोन्ही गोष्टी लागतात. या दोन्ही एकत्र येतात त्या जागा म्हणजे मेट्रोचे दार उघडतानाची रेटारेटी, व्हिया तोलेदोवरील संध्याकाळची गर्दी, गारिबाल्दी रेल्वे स्थानकाचा परिसर आणि पॉम्पेईकडे जाणारी गाडी. अशा ठिकाणी पाठीवरची पिशवी पोटावर घ्यावी, फोन खिशातून काढू नये, आणि कुणी अंगावर काही सांडले, वाट विचारली किंवा उगाच अडवले, तर थांबून बोलत न बसता बाजूला व्हावे.

स्कूटरवरून येऊन पिशवी हिसकावण्याचे प्रकारही होतात. त्यावर उपाय सोपा आहे. पिशवी खांद्यावरून तिरपी घालावी आणि ती रस्त्याच्या बाजूला नव्हे, भिंतीच्या बाजूला ठेवावी. सोन्याची साखळी आणि महागडे घड्याळ केबिनमधील तिजोरीतच राहू द्यावे. महागड्या घड्याळांवर डोळा ठेवणारे चोर या शहरात आहेत, ही गोष्ट नेपल्सचे लोक स्वतःच पाहुण्यांना सांगतात. पिशवी ओढली गेलीच तर ती सोडून द्यावी. पट्टा घट्ट धरून ठेवणारी माणसे खाली पडून गंभीर जखमी होतात, आणि कोणत्याही पिशवीची किंमत तेवढी नसते.

सोबत थोडी युरोची रोकड, एकच कार्ड, जहाजाचे ओळखपत्र आणि पारपत्राच्या मुख्य पानाची प्रत एवढे पुरे. दुसरे कार्ड केबिनमध्ये ठेवावे, म्हणजे एक गेले तरी सहल अडत नाही. काही क्रूझ कंपन्या पारपत्रे स्वतःकडे ठेवतात, काही प्रवाशाजवळ देतात. इटलीत पोलीस परदेशी व्यक्तीकडे ओळखीचा कागद मागू शकतात, म्हणून त्या दिवशी काय जवळ ठेवावे हे जहाजाच्या स्वागतकक्षात आदल्या दिवशीच विचारून घ्यावे.

रस्त्यावर कुणी स्वस्तात फोन विकायला आला, तर घेऊ नये. दाखवताना खरा फोन दाखवला जातो आणि बंद खोक्यातून भलतेच काही निघते. नामांकित कंपन्यांच्या बनावट पिशव्या घेणेही टाळावे, कारण इटलीत अशा वस्तू विकणाऱ्याइतकाच घेणाराही दंडास पात्र ठरतो.

आणखी एक सांगावेसे वाटते. भीतीमुळे माणूस सारखा खिसा चाचपतो, आणि त्यामुळे मौल्यवान वस्तू कुठे आहे हेच चोराला कळते. निघतानाच नीट बंदोबस्त करावा, चेन लावावी आणि मग मान वर करून चालावे.

प्रश्न: नेपल्समध्ये रस्ता ओलांडणेच कठीण असते, असे एका नातेवाइकाने सांगितले. ते खरे आहे का?

उत्तर: खरे आहे, आणि आमच्या मते चोरीपेक्षा याची काळजी अधिक घ्यावी. धक्क्यासमोरून जाणारा किनारी रस्ता रुंद आणि वेगवान आहे. तो सिग्नल असलेल्या ठिकाणीच आणि हिरवा दिवा लागल्यावरच ओलांडावा, आणि हिरव्या दिव्यातही वळणाऱ्या वाहनांकडे पाहावे. इटलीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून रस्त्यात पाऊल टाकताना जवळच्या बाजूचे वाहन डावीकडून येते. आपली नजर सवयीने आधी उजवीकडे जाते, हाच खरा धोका आहे. दोन्हीकडे पाहिल्याशिवाय पदपथावरून खाली पाऊल टाकू नये, एवढे मनाशी ठरवून घ्यावे.

शहराच्या आतल्या रस्त्यांवर पांढऱ्या पट्ट्यांवर नुसते उभे राहिल्यास वाहने थांबतीलच असे नाही. स्थानिक माणूस ओलांडू लागला की त्याच्यासोबत निघावे, चालकाच्या नजरेला नजर द्यावी आणि एकाच संथ गतीने पलीकडे जावे. मध्येच थबकणे किंवा मागे फिरणे सर्वांत घातक, कारण स्कूटरवाला आपल्या गतीचा अंदाज बांधूनच मागून किंवा पुढून निघत असतो. जुन्या शहरातील बोळ अरुंद आहेत, त्यांत पदपथ नाहीत आणि स्कूटर दोन्ही दिशांनी येतात. आवाज येताच भिंतीशी सरकावे, सर्वांनी एकाच बाजूला. अर्धे कुटुंब डावीकडे आणि अर्धे उजवीकडे झाले, तर मधून जाणाऱ्याचीही पंचाईत होते.

प्रश्न: माझ्या आईचे वय चौऱ्याहत्तर आहे आणि तिचे गुडघे दुखतात. जुलैमध्ये आम्ही तिला घेऊन जात आहोत. तिला थोडे तरी शहर पाहता येईल का?

उत्तर: थोडे नव्हे, बऱ्यापैकी पाहता येईल, फक्त जुन्या शहराचा मोह सोडावा. तेथील काळ्या दगडाची फरसबंदी ऊबडखाबड आहे, पाऊस पडल्यास निसरडी होते आणि बसायला जागा कमी. भूमिगत नेपल्स दाखवणाऱ्या सहलीही टाळाव्यात. तेथे सुमारे चाळीस मीटर खोल पायऱ्या उतराव्या आणि चढाव्या लागतात आणि काही वाटा इतक्या चिंचोळ्या आहेत की अंग तिरके करून जावे लागते.

धक्क्याजवळचा परिसर मात्र त्यांच्यासाठी योग्य आहे. कास्तेल न्वोव्होचे संगमरवरी विजयद्वार बाहेरूनच पाहावे. पंधराव्या शतकात आरागॉनचा राजा आल्फोन्सो याच्या नगरप्रवेशाच्या स्मरणार्थ ते दोन काळसर बुरुजांच्या मध्ये बसवले आहे आणि फार सुंदर दिसते. तेथून सान कार्लो नाट्यगृह, त्याच्यासमोर गॅलेरिया उंबेर्तो, जेथे काचेच्या छताखाली सावलीत सपाट फरशीवर हवे तितके रेंगाळता येते, आणि मग प्लेबिशितो चौक. दोन तासांत हे सारे आरामात होते.

जुलैत दुपारी तापमान तीस अंशांच्या वर जाते आणि त्या उघड्या चौकात सावली जवळजवळ नाही, म्हणून साडेआठला उतरून साडेअकराच्या आत जहाजावर परतावे. टोपी आणि पाण्याची बाटली सोबत असावी. शहरातील सार्वजनिक नळांचे पाणी पिण्यायोग्य असते, त्यामुळे बाटली भरून घेता येते. चक्कर, मळमळ किंवा घाम अचानक थांबणे यांपैकी काही जाणवले, तर लगेच थंड जागेत बसवावे आणि गरज वाटल्यास ११२ या क्रमांकावर मदत मागावी. किरकोळ दुखण्यासाठी हिरव्या क्रॉसची पाटी असलेली औषधाची दुकाने सर्वत्र आहेत. आईंची रोजची औषधे, त्या दिवसाच्या मात्रेसह थोडी जास्त, हातातल्या पिशवीतच ठेवावीत. परत येताना थकवा आला तर टॅक्सी घ्यावी. नेपल्समध्ये काही ठरावीक मार्गांसाठी महापालिकेने निश्चित केलेले दर आहेत, आणि ते हवे असल्यास तसे टॅक्सी सुटण्यापूर्वी सांगावे लागते.

प्रश्न: मी एकटी प्रवास करणारी तरुणी आहे आणि फुटबॉलची चाहती आहे. स्पॅनिश क्वार्टर्समधील मॅराडोनाचे भित्तिचित्र पाहायचे आहे. तेथे एकटीने जावे का?

उत्तर: दिवसा अवश्य जावे. व्हिया तोलेदोच्या वरच्या अंगाला सोळाव्या शतकात स्पॅनिश सैन्याच्या मुक्कामासाठी वसवलेली ही दाट वस्ती पूर्वी फार बदनाम होती. आज भित्तिचित्राच्या छोट्याशा चौकात दिवसभर जगभरचे चाहते जमलेले असतात. मॅराडोना ज्यातून खेळत असे त्या नापोली या शहराच्या संघाने १९९० मध्ये दुसरे लीग विजेतेपद मिळवले तेव्हा ते चित्र रंगवले गेले, आणि २०२० मध्ये मॅराडोना गेल्यानंतर ती जागा श्रद्धास्थानच बनली.

व्हिया तोलेदोवरून लोकांचा ओघ ज्या गल्लीने वर जातो, त्याच गल्लीने जावे आणि त्याच वाटेने परत यावे. कानांत इअरफोन नसावेत, कारण येथे स्कूटर आधी ऐकू येते आणि मग दिसते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि पाहायचाच असेल तर एखाद्या दुकानात शिरून पाहावा. कुणी लघळपणा केला तर उत्तर न देता चालत राहावे, आणि पाठलाग होतो आहे असे वाटले तर जवळच्या कॉफीच्या दुकानात जाऊन तेथील माणसांना स्पष्ट सांगावे. या शहरातील दुकानदार आपल्या गल्लीत आलेल्या पाहुण्याची जबाबदारी मनापासून घेतात. जहाजावरच्या एखाद्या ओळखीच्या व्यक्तीला आपण कुठे जात आहात आणि किती वाजता परतणार हे सांगून निघावे.

एक विनंती मात्र आहे. या वस्तीत तळमजल्यावरची एका खोलीची घरे थेट रस्त्यावर उघडतात. उघड्या दारातून स्वयंपाक, पलंग, झोपलेले मूल सारे दिसते. ते कुणाचे तरी घर आहे, त्याचे फोटो काढू नयेत. तेथल्या लोकांचा राग ओढवण्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि तो राग योग्यच असतो.

प्रश्न: एकाच दिवसात पॉम्पेई आणि जुने नेपल्स दोन्ही होईल का?

उत्तर: होऊ नये असे आम्हाला वाटते. पॉम्पेईला जाणाऱ्या चिर्कुमवेझुविआना गाडीचा एका बाजूचा प्रवासच पस्तीस-चाळीस मिनिटांचा आहे, त्याआधी गारिबाल्दी स्थानक गाठावे लागते, गाड्या भरलेल्या असतात आणि इटलीत रेल्वेचे संपही अधूनमधून होतात. एक काहीतरी निवडावे. पॉम्पेई प्रथमच पाहत असाल, तर ते जहाजाच्या सहलीने पाहणे सुरक्षित.

प्रश्न: चर्चमध्ये प्रवेशासाठी काही नियम आहेत का? आमच्यासोबत किशोरवयीन मुले आहेत.

उत्तर: खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. मुलांना बिनबाह्यांचे कपडेच घालायचे असतील, तर पिशवीत एक पातळ ओढणी ठेवावी. अनेक चर्च दुपारी काही तास बंद राहतात, म्हणून ती बाराच्या आत पाहावीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांत प्रवेश विनामूल्य असतो आणि त्यामुळे रांगा फार लांब असतात. राजवाड्याचाही त्यात समावेश आहे, तेव्हा त्या दिवशी तो बाहेरूनच पाहावा. गर्दीत ताटातूट झाल्यास कुठे भेटायचे ती जागा मुलांना सकाळीच दाखवून ठेवावी. कास्तेल न्वोव्हो दुरूनही ओळखू येतो आणि कुणालाही विचारता येतो, त्यामुळे त्याचे प्रवेशद्वार त्यासाठी चांगले.

प्रश्न: सर्व काळजी घेऊनही जहाज चुकलेच, तर काय करावे?

उत्तर: प्रथम हे स्पष्ट असावे की स्वतंत्रपणे फिरणाऱ्या प्रवाशांसाठी जहाज थांबत नाही. कंपनीच्या सहलीवर गेलेल्यांना उशीर झाला, तर कंपनी थांबते किंवा त्यांना पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची व्यवस्था करते. आपल्याला ती हमी नाही, आणि पुढचा सारा खर्च आपलाच असतो.

उशीर होणार असे दिसताच, जहाज सुटण्याची वाट न पाहता, बंदरातील जहाजाच्या प्रतिनिधीला फोन करावा. प्रत्येक बंदरात कंपनीचा असा प्रतिनिधी असतो आणि त्याचा क्रमांक जहाजावर रोज वाटल्या जाणाऱ्या दिनक्रमाच्या पत्रकात छापलेला असतो. तो क्रमांक फोनमध्ये नोंदवावाच, शिवाय कागदावर लिहून खिशात ठेवावा, कारण फोन चोरीला जाणे हेच उशिराचे कारण असू शकते. जहाज सुटून गेले असेल, तरी धक्क्यावर जाऊन प्रतिनिधीला भेटावे. प्रवासी परतले नाहीत हे लक्षात आल्यावर जहाजावरील कर्मचारी अनेकदा केबिनमधील तिजोरीतून पारपत्र काढून त्याच्याकडे सोपवून जातात.

पुढचे बंदर इटलीतच असेल तर रेल्वेने गाठता येते. नेपल्सहून रोमला वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो, आणि रोमसाठी जहाजे ज्या चिव्हिताव्हेक्कियाला लागतात तेथे रोमहून नियमित गाड्या आहेत. पुढचे बंदर दुसऱ्या देशात असेल, तर विमान आणि व्हिसा या दोन्हींचा प्रश्न येतो. एकदाच प्रवेश देणारा शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट) व्हिसा असेल आणि जहाजाने मध्ये शेंगेनबाहेरचे बंदर घेतलेले असेल, तर अडचण वाढते. म्हणून सहल ठरवतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा आणि प्रवास विम्यात जहाज चुकल्याच्या खर्चाचे कलम आहे का ते वाचून घ्यावे. विम्याचा दावा करण्यासाठी उशिराचे कारण सिद्ध करणारा कागद लागतो: चोरी झाली असेल तर पोलिसांकडील तक्रारीची प्रत, आजारपण असेल तर रुग्णालयाचे पत्र. ते नेपल्स सोडण्यापूर्वीच मिळवावे, कारण नंतर दुसऱ्या देशातून मिळवणे फार जिकिरीचे होते.